पाणी मागणारी बाहुली

वाईट सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत. तक्रार करत नाही, माझा अधिकार सांगून ठेवते. माझं माहेर नगरचं. वडलांना सिनेमाचं वेड आणि आईला त्या वेडाचा तिटकारा, म्हणून वडील सोबतीला मला नेत. मॅट्रिक होईपर्यंत देवादिकांचे, डाकूंचे, रडके, मारामारीचे असे सगळ्या जातींचे सिनेमे मी पाहून घेतले होते. पडद्यावरचा पाऊस खरा की नळीचा, हे मला पहिल्या थेंबाला कळायचं. लग्न होऊन कोपरगावजवळच्या एका खेड्यात आले, तेव्हा माझ्या रुखवतापेक्षा या कीर्तीचीच चर्चा जास्त झाली. सासरी मला ‘शिनेमावाली’ म्हणत. त्यात चार आणे कौतुक आणि बारा आणे टोमणा असायचा.

तर या अधिकारानं सांगते. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात कोपरगावच्या पत्र्याच्या थेटरात आम्ही भुताच्या बाहुलीचा एक सिनेमा पाहिला. त्याच्याइतका टुकार आणि कोडगा सिनेमा मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. नाव सांगत नाही. ज्यांनी तो काढला त्यांनाही आता ते आठवत नसेल, आणि नसेल तर बरंच आहे.

एरवी असल्या सिनेमावर दोन दिवस तोंडसुख घेऊन मी मोकळी झाले असते. हा मात्र मला पन्नास वर्षं पुरला. त्याला कारण माझी थोरली जाऊ.

तिला मी आक्का म्हणायची. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. देताना मात्र तिचा हात कधी आखडला नाही. दारात आलेला पोतराज असो की उसाच्या मोळ्या बांधून थकलेल्या तोडणीच्या बाया असोत, आक्काकडून कुणी रिकामं गेलं नाही. घरात नवी सून म्हणून मला जे काही शिकवायचं होतं ते तिनंच शिकवलं, तेही न बोलता. मी चुकले की ती माझ्या हातातलं काम घ्यायची, एकदा करून दाखवायची आणि परत द्यायची.

माझं लग्न व्हायच्या दोन वर्षं आधी तिची पाच वर्षांची मुलगी गेली होती. घरात हे कुणी बोलत नसे. मला माझ्या नवऱ्यानं एकदा, तेही रानात, इकडंतिकडं बघून सांगितलं. पोरीला हगवण आणि उलट्या लागल्या. गावात सुई टोचणारा एक जण होता. तो कुठं काय शिकला होता देव जाणे, पण सगळे त्याला डॉक्टर म्हणत. त्यानं बजावलं, पाण्याचा थेंब देऊ नका, पोटात पाणी गेलं की उलटी होणारच. आत्याबाईंनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तो हुकूम तंतोतंत पाळला. माठ उचलून ओसरीवर नेऊन ठेवला आणि स्वतः मधल्या दारात बसल्या. पोर रात्रभर पाणी पाणी करत होती. आक्का तिच्या उशाशी. सासूचा शब्द मोडायची त्या घरात रीत नव्हती आणि डॉक्टरचा शब्द मोडायची कुणाची हिंमत नव्हती. सकाळी पोर गेली.

हगवण लागली तर साखर-मिठाचं पाणी पाज, हे आज शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तेव्हा आमच्या अख्ख्या गावात ते सांगणारं कुणी नव्हतं. पाणी तोडायचं शहाणपण मात्र घरोघर होतं. त्या डॉक्टरला पुढं गावानं कमानीजवळ दवाखान्याला जागा दिली. आक्का त्या रस्त्यानं जायची नाही, मागच्या पांदीनं जायची. आत्याबाईंनी तिला कधी विचारलं नाही की लांबून का येतेस.

थेटरची जाहिरातीची गाडी बाजाराच्या आदल्या दिवशी गावोगाव फिरायची. गाडी म्हणजे टांगा. दोन्ही बाजूंना रंगवलेले फलक, आत भोंगा धरून बसलेला एक इसम आणि मागं धावणारी पोरं. फलकावर बाहुली काढली होती ती अशी, की गालगुंड झालेल्या पोरीला टोपडं घालून बसवलं आहे असं वाटावं. भोंगेवाला ओरडत होता, “या, बघा! मेलेली पोर बाहुलीच्या अंगात येते! खून की प्यासी! प्यासी बाहुली! दिलाचे कमजोर असतील त्यांनी घरी थांबावं!”

आता ‘अंगात येते’ हा शब्द त्यानं कशासाठी वापरला ते उघड आहे. लोकांनी घाबरावं म्हणून. कुठल्या मुलखात आपण ओरडतोय याची त्या गाढवाला कल्पना नव्हती. आमच्याकडं अंगात येणं ही घाबरायची गोष्टच नव्हे. जत्रेत, नवरात्रात, घरी गोंधळ घातला की कुणा ना कुणाच्या अंगात यायचंच. आलं की त्याची एक रीत असते. त्या बाईला हळदीकुंकू लावायचं, पायांवर पाणी घालायचं आणि विचारायचं, कोण आहेस? कुठून आलीस? काय राहिलं तुझं? देवी असली तर ती मागेल ते कबूल करायचं. घरातलं कुणी गेलेलं असलं तर त्याचं जे राहिलं असेल ते पुरवायचं. आमचे एक चुलतसासरे वारल्यावर असेच शेजारच्या बाईच्या अंगात आले आणि त्यांनी पुरणपोळी मागितली. दुसऱ्या दिवशी पुरण घातलं गेलं. पळून जाणं हा प्रकार त्यात बसतच नाही. पाहुणा दारात आला की कुणी मागच्या दारानं पळून जातं का?

आक्का ओसरीवर ज्वारी पाखडत होती. भोंगा ऐकला आणि तिचं सूप थांबलं. टांगा मारुतीच्या देवळाकडं वळेपर्यंत ती ऐकत राहिली. मग मला म्हणाली, “त्यो प्यासी म्हनला, त्ये काय असतं गं?”

“तहानलेली,” मी म्हणाले. “रक्ताची तहानलेली म्हणायचंय त्यांना. फुकटचा वाह्यातपणा.”

रक्ताचं तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. सुपातले दाणे तिनं हातानं सारखे केले.

“मला दावशील का त्यो शिनेमा?”

मी त्या घरात आल्यापासून आक्कानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. तिला काय हवंय ते मला तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं, आणि अंगावर काटा आला. त्या भिकार सिनेमानं नंतर जे तीन तास खटपट करून जमलं नाही, ते त्या एका प्रश्नानं केलं. मी तिला समजावलं, की आक्का, भुताचे सिनेमे असेच असतात, त्यात खरं काही नसतं, पडद्यावरच्या बाहुलीला काही कळत नसतं. ती शांतपणे म्हणाली, “मला ठावं हाय. दाव तरी.”

घरातल्या सुनांनी सिनेमाला जायचं तर आत्याबाईंची परवानगी लागायची. मी विचारलं. त्या चुलीपुढं होत्या. “भुताचा शिनेमा? त्यो कशाला बगायचा? आपल्या घरात काय कमी...” आणि तिथंच त्या थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. मग मान वर न करता म्हणाल्या, “जावा दोगी. बाजार बी हुईल.”

कारखान्याचा हंगाम संपलेला, बैल रिकामे होते. थोरले दीर आम्हाला बैलगाडीनं कोपरगावला घेऊन गेले, थेटरापाशी सोडलं आणि कासरे बघायला बाजारात गेले. आक्कानं बरोबर पाण्याचा तांब्या घेतला होता, त्यावर फुलपात्र पालथं. उन्हाचं गाडीत पाणी असावं म्हणून घेतलं असेल असं मला वाटलं. थेटरात शिरतानाही तो तिनं गाडीत ठेवला नाही.

तीनचा खेळ. भुताचा सिनेमा दिवसाढवळ्या तीन वाजता दाखवणं हा पहिला गाढवपणा. पण बाजाराला आलेल्या बायकांना दिवेलागणीला घरी पोचायचं असतं, त्यांची तिकिटं थेटरवाल्याला सोडवत नव्हती. थेटर म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. पुरुषांना बाकडी, बायकांना एका बाजूला कमरेएवढ्या भिंतीच्या आड जमिनीवर सतरंजी. वरचा पत्रा इतका तापलेला, की भूत खरंच असतं तर तेही उठून बाहेर झाडाखाली बसलं असतं. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती आणि त्यातून उन्हाचे कवडसे थेट पडद्यावर पडायचे. बंगल्यात मिट्ट काळोख, विजा कडाडताहेत, कपाटावर बसलेली बाहुली हळूच डोळे उघडते, आणि तिच्या नाकावर रुपयाएवढं ऊन!

पण दोष उन्हाला देऊन सिनेमावाल्यांना मोकळं सोडायचं नाही. गोष्ट अशी. एक मोठा बंगला, एक श्रीमंत नवराबायको, त्यांची एकुलती मुलगी तापानं मरते. तिची एक विलायती बाहुली असते, पिवळ्या केसांची, आडवी केली की डोळे मिटणारी. मुलगी गेल्यावर ती बाहुली रात्री चालते, झोपाळ्यावर बसते, आणि बोलते, “माँ, प्यास लगी है.” हे वाक्य म्हणणारी कोण होती माहीत नाही. पण मुलांचा आवाज काढणारी चाळिशीची बाई ओळखायला नगरला लहानपण घालवावं लागत नाही. नाकात बोलत होती आणि मध्येच दम लागत होता. बाहुली चालायची तेव्हा तिच्या डोक्यावरची तार स्पष्ट दिसायची. तार लपवायला त्यांनी तिला टोपी घातली, तर तार टोपीतून वर आली.

मुलीच्या आईचं काम करणारी नटी तर बघण्यासारखी होती, म्हणजे कुठल्या ना कुठल्या कोनातून सतत तीच बघायची होती. पोर जाऊन महिना झालेला, आणि ही बंगल्याच्या पोहण्याच्या तलावाकाठी गाणं म्हणत पाण्यात उड्या मारतेय. नवरा झाडामागून डोकावतोय. आमच्या सतरंजीवर पुढं बसलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “हिला कुनीतरी न्हाणीत न्हेऊन बसवा गं.” मला हसू आलं. आक्का हसली नाही. ती तलावाकडं बघत होती.

भीतीचं काम मुख्यतः एका आचाऱ्यावर सोपवलं होतं. बाहुली दिसली की तो पातेल्यात तोंड खुपसायचा. असं पाच-सहा वेळा. बायकांना भीती न वाटण्याला कारण फक्त हा आचारी नव्हता. बाहुली म्हटल्यावर आमच्याकडं भिण्यासारखं काही नसतं. नव्या घराला आणि मालमोटारीला काळी बाहुली टांगतात ती दृष्ट लागू नये म्हणून. बाहुली म्हणजे आपली राखण. तेव्हा हीच बाहुली आता वाईट आहे, हे पटवायला सिनेमावाल्यांना दर दहा मिनिटांनी वीज पाडावी लागत होती. एवढा खर्च त्यांनी तार लपवायला केला असता तर बरं झालं असतं.

आक्काला हिंदी येत नव्हतं. बाहुली बोलली की ती माझ्या कानाशी यायची, “काय म्हनतीया?” मी सांगायची, “तहान लागलीय म्हणतेय.” पुन्हा थोड्या वेळानं बाहुली नाकात बोलायची आणि आक्का विचारायची, “आता?” मी म्हणायची, “तेच.” दोनतीन वेळा झाल्यावर मी वैतागून म्हणाले, “आक्का, तिला दुसरं वाक्यच दिलेलं नाही.” तिनं मान हलवली. पण पुढच्या वेळी पुन्हा विचारलंच.

मध्यंतर झालं. माझ्या घशाला कोरड पडली होती. मी सहज म्हणाले, “आक्का, जरा पाणी दे.” आणि आक्कानं, जिनं परक्या माणसाला कधी नाही म्हटलं नव्हतं तिनं, तांब्या आपल्या मांडीकडं ओढला. “ह्ये न्हाई,” ती म्हणाली. “तुला सोडा घिऊन देते.” आणि कनवटीचे पैसे काढून खरंच तिनं माझ्यासाठी सोडा मागवला. तेव्हा मी त्या फुलपात्राकडं नीट बघितलं. काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. गेलेल्या पोरीला बारशाला आजीनं दिलेलं भांडं. ते नाव मी त्या घरात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, पहिल्यांदा तिथं वाचलं. सोड्याची बाटली मी तशीच खाली ठेवली.

त्या क्षणापासून मी त्या सिनेमाचा खरोखर द्वेष करायला लागले. तोवर फक्त किळस होती. पडद्यावर ती माणसं जे काही करत होती ते दोन घटका लोकांचं मन रमवायला, आणि इथं सतरंजीवर एक बाई कोसभर उन्हातून पाणी घेऊन आली होती. मला वाटलं, उठावं, ऑपरेटरच्या खोलीत जावं आणि ती रिळं बाहेरच्या गटारात टाकावीत.

मध्यंतरानंतर बाहुलीचा मोठा प्रवेश आला. सगळे जण बंगल्याच्या दिवाणखान्यात जमलेत. झोपाळा आपोआप हलायला लागतो. बाहुली झोपाळ्यावर, डोळे सताड उघडे. तार दिसतेय, पण दिसू दे. बाहुली थरथरते आणि आवाज येतो, “माँ... प्यास... प्यास...” आई किंकाळी फोडते, नवरा तिला घेऊन जिन्यावरून पळतो, आचारी पातेल्यात.

आणि आक्का उभी राहिली.

तिनं तांब्यावरचं फुलपात्र काढलं, पाणी ओतलं, काठोकाठ. पदर डोक्यावरून पुढं घेतला. मोठ्यानं नाही, पण जत्रेत झाडाला, म्हणजे अंगात आलेल्या बाईला, विचारतात तसं खणखणीत विचारलं, “कोन हाईस? आलीस का बाई? पानी पायजे का तुला?”

बाकड्यांकडून एक शिट्टी आली. कुणीतरी ओरडलं, “ओ बाई, खाली बसा की!” पण आमच्या सतरंजीवर कुणी हसलं नाही. उलट ती म्हातारी, तीच जिनं नटीला न्हाणीत बसवायला सांगितलं होतं, बाकड्यांकडं हात करून कडाडली, “गप बसा रं! इचारू द्या तिला. बाहुलीच्या अंगात आलंय त्ये दिसत न्हाई का?” दुसरी एक बाई हळूच म्हणाली, “काय ऱ्हायलंय ते इचारा.” सगळ्या बायका पडद्याकडं बघत थांबल्या. त्यांच्या दृष्टीनं त्या सिनेमात पहिल्यांदा कुणीतरी शहाण्यासारखं वागलं होतं.

मी आक्काचा पदर धरून बसले होते. तिला खाली ओढावं की तसंच धरावं हे मला कळेना. मला एवढंच वाटत होतं की त्या नाकात बोलणाऱ्या बाईनं आता काहीतरी उत्तर द्यावं. काहीही. मला, शिनेमावालीला, असं वाटत होतं.

उत्तर कुठलं यायला? पडद्यामागून, म्हणजे बंगल्यातल्या पडद्यामागून, मुलीचा काका बाहेर आला. मिशा पिळत हसला. एका हातात तार, दुसऱ्या हाताशी टेपरेकॉर्डर. मग त्यानं खुलासा केला, आणि तो खुलासा करणं त्याला इतकं आवडलं की तो दोनदा केला. इस्टेटीसाठी वहिनीला वेडं ठरवायचं होतं. बाहुली तो हलवत होता, आवाज त्यानं भरून ठेवला होता. तेवढ्यात पोलीस आले. पोलीस अशा सिनेमात जिन्याखालीच उभे असतात.

“ह्यो कोन?” आक्कानं उभ्याउभ्याच विचारलं.

“काका,” मी म्हणाले. “तोच तारेनं हलवत होता. आवाज पण त्याच पेटीतला.”

“पोरगी न्हवती?”

“नव्हती, आक्का.”

ती खाली बसली. फुलपात्रातलं पाणी तिनं सावकाश परत तांब्यात ओतलं, एक थेंब सांडला नाही. सतरंजीवर मोठी नाराजी पसरली. म्हातारी म्हणाली, “आगं बाई, मानूसच निगाला की मुडदा!” भूत खरं निघालं असतं तर त्या बायका समाधानानं घरी गेल्या असत्या. सिनेमावाल्यांना वाटलं असेल की शेवटी भूत नव्हतंच हे दाखवून आपण मोठं शहाणपण शिकवलं. शहाणपण! एवढं धैर्य नव्हतं तर मेलेल्या पोरीला बोलवायचंच कशाला? तिला दोन तास तहानलेली ठेवायचं, तिच्या तहानेवर तिकिटं विकायची, आणि शेवटी टेपरेकॉर्डर दाखवून हात झटकायचे. असल्या लोकांना भूत भेटायलाच पाहिजे.

परतीच्या वाटेवर गाडीत मी बोलत सुटले. तार, टोपी, आचारी, दमेकरी आवाज, सगळ्याची खरडपट्टी काढली. थोरले दीर पुढं बैल हाकत होते, त्यांना सिनेमाशी कर्तव्य नव्हतं. मला खरं तर आक्काच्या गप्प बसण्याची धास्ती वाटत होती, म्हणून मी तोंड बंद करत नव्हते. ती मांडीवर तांब्या घेऊन बसली होती. पाटाचा पूल ओलांडला तेव्हा तिनं विचारलं, “त्या बंगल्यात पानी न्हवतं का गं?”

“होतं की. नळ होते. एवढा मोठा पोहायचा तलाव होता, बघितला ना.”

“व्हय. बगितला.”



घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी बाजाराची पिशवी उतरवली. आक्कानं पाय धुतले, आत आली आणि तांब्या घेऊन भिंतीशी बसली. आत्याबाईंनी परातीतून मान वर न करता विचारलं, “कसा हुता शिनेमा?”

मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडं सगळं तयार होतं. पण आक्का आधी बोलली.

“पोरगी पानी मागत हुती,” ती म्हणाली. “घर भरलेलं हुतं. समदी भेली. पानी कुनी दिलं न्हाई.”

आत्याबाईंचा हात भाकरीवर थांबला. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मी घाईघाईनं म्हणाले, “पण आत्याबाई, शेवटी ते खोटं निघालं. काका होता. तारेनं...”

“त्ये मागनं कळलं,” आक्का म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आदी तर समद्यांना खरंच वाटत हुतं ना? आईला बी खरंच वाटत हुतं. तवा बी दिलं न्हाई. आई बी पळाली.”

तव्यावरची भाकरी फुगली, मग बसली. आत्याबाईंनी ती परतायला हात पुढं केला आणि तसाच ठेवला. मग त्या म्हणाल्या, “डाक्टरनं सांगितलं हुतं.”

आक्कानं त्यांच्याकडं बघितलं. त्या घरात मी तिला सासूच्या डोळ्याला डोळा देऊन बघताना पहिल्यांदा बघत होते.

“मी शिनेमाचं सांगतीया, आत्याबाई.”

माझं सिनेमाचं एवढं ज्ञान, पण त्या टुकार चित्रपटाबद्दल मला हे सुचलं नव्हतं. मी तारेवर हसत बसले होते. मूल पाणी मागतंय आणि सगळं घर पळतंय, हे दिसायला आक्का लागली.

भाकरी करपल्याचा वास सुटला. आत्याबाईंनी पदर तोंडाशी नेला, धूर गेल्यासारखं खोकल्या आणि मग कोरड्या घशानं म्हणाल्या, “पानी दे गं जरा.”

मी माठाकडं जायला उठले. आक्कानं मला हातानंच खाली बसवलं. तिनं तांब्यावरचं ते फुलपात्र उचललं, कोपरगावहून परत आलेलं पाणी त्यात काठोकाठ भरलं आणि आत्याबाईंच्या हातात दिलं. आत्याबाईंना वाचता येत नव्हतं. पण ते भांडं त्यांनीच नाव घालून आणलं होतं. त्यांचा अंगठा काठाशी त्या ठिपक्यांवर गेला आणि तिथंच राहिला.

“प्या,” आक्का म्हणाली.